रोज चालवणार असशील तर

तीन रविवार गेले.
शाहूपुरीतल्या दुकानात पोरगा म्हणाला, एकवीस गिअर, मॅडम.
मी म्हटलं, एक नाही का?
तो हसला, जणू मी
एका बाहीचा शर्ट मागितला.

लक्ष्मीपुरीत भंगारात दोन सापडल्या,
एकीला फ्रेम होती, एकीला चाकं,
दोघींची मिळून एक होईना.

मला फार नको होतं.
मी पाण्याची मीटरं वाचते.
दिवसाला साठ-सत्तर घरं,
दर दोन दारांनी उतरायचं, वाकायचं,
झाकण उचलायचं, गोगलगाय बाजूला सारायची,
आकडा लिहायचा.
असल्या कामाला स्कूटर वैतागते.
आणि (हे घरी बोलले नाही)
मला ती देखणी हवी होती.
सत्तेचाळिसाव्या वर्षी माणसाला
एखादी तरी कामाची वस्तू
उगाच देखणी हवी असते.

उद्यमनगरात,
जिथं वाळूचा आणि तापल्या लोखंडाचा वास
दुपारी जेवायलाही उठत नाही,
बापूलाल शिकलगारांच्या शेडमध्ये
लेथच्या मागं, पोत्याखाली
ती उभी होती.
गडद हिरवी, औषधाच्या जुन्या बाटलीसारखी.
नळीवर सोनेरी रेघ, हातानं ओढलेली,
हँडलपाशी जराशी थरथरलेली.
सळईचे ब्रेक.
पुढं एक चक्र, मागं एक,
मध्ये साखळी. संपलं.
चेनकव्हरवर पांढरी अक्षरं: आ. भ. मगदूम.

मी सवयीनं गुडघ्यावर बसले,
पेडलजवळच्या नळीवरचं वंगण रुमालानं पुसलं
आणि नंबर वाचला, मोठ्यानं.
शिकलगार म्हणाले,
"आजवर कुणी खालनं बघितलं न्हाई हिला."

"किती?"
"परवा एकजण आला हुता. ताराबाई पार्कात कॅफे काढतोय.
भिंतीला टांगणार म्हणाला, दिवे सोडून.
पाच हजार काढून बसला हुता."
"मग?"
"मग काय. सायकल भिंतीला टेकवायची असती.
तुम्ही काय करणार?"
"मीटर वाचणार."
"पावसात बी?"
"पावसात बी."
त्यांनी बशीतला चहा संपवला.
"रोज चालवणार असशील तर सोळाशे.
घंटी येगळी."
अहो-जाहो कुठं गळून पडलं
ते दोघांनीही पाहिलं नाही.

मगदूम कोण, विचारलं.
"पॅटर्न करायचा, लाकडाचे. त्याच्यावरनं ओतकाम.
केसाएवढा फरक पडला तर जेवायचा न्हाई.
सव्वासहा फूट माणूस."
सीट माझ्या बरगडीला लागत होती.
शिकलगारांनी पाना लावला, तेल सोडलं,
तळहातानं ठोकत राहिले.
सीटखालची दांडी,
चाळीस वर्षं उघड्यावर काळवंडलेली,
वीतभर आत गेली.
मगदूमांची उंची आता तिथं आहे,
नळीत, माझ्या खाली.

"नाव खोडून देऊ?"
"असू दे."

पहिल्या चढालाच उतरले.
टपरीवरची पोरं ओरडली, "काकू, गिअर टाका की!"
मी म्हटलं, टाकलाय.
आणि चालत निघाले, तिचा हात धरल्यागत.
उतारावर मात्र तिनं मला नेलं.
पाय थांबले तरी
मागच्या चाकात कुणीतरी
सुपारी कातरत होतं.

आता चौथा महिना.
सीट अजून टोचते. डाव्या पेडलची तक्रार आहे.
मंगळवार पेठेतल्या दोन गल्ल्या
मला मगदूमबाई म्हणतात.
बदलीवर आलात का, असंही एका आजोबांनी विचारलं.
मी दुरुस्त करत नाही.
दिवसभर आकडे बरोबर लिहिणाऱ्या माणसाला
एक चूक परवडते.

घंटी घेतलीच नाही.
गल्लीच्या तोंडाला मी पाय थांबवते,
ती टिकटिकत आत शिरते
आणि बायका पुढं होऊन
मीटरच्या झाकणावरची बादली उचलून ठेवतात.